फोटोत मागचं डोकं नसतं

भिवंडीकडच्या दापोड्यातल्या एका घरात तात्यांचा धड असा एकच फोटो आहे. धाकट्या मुलाच्या लग्नातला. डोक्याला फेटा, अंगात पांढरा सदरा, आणि फोटोग्राफरने सांगितलं म्हणून रोखून समोर पाहणारे डोळे. तात्यांना जाऊन पाच वर्षं झाली. नव्या बंगल्याच्या दारात त्यांचा अर्धपुतळा बसवायचा असं घरच्यांनी ठरवलं. तो कोणी आणि कसा करायचा यावरून मामा-भाचीचं जे जुंपलं, ते श्रावणातली एक अख्खी संध्याकाळ चाललं.

मामाचा गणपतीचा कारखाना आहे. भाताची खाचरं जाऊन गावाभोवती गोदामं उठली, माणकोली-अंजूरफाटा रस्त्यावर कंटेनरची रांग कायमची झाली, तरी मामाने आपली पत्र्याची शेड कोणाला भाड्याने दिली नाही. भाची मुंबईत शिल्पकला शिकली आणि नंतर दोन वर्षं एका फाउंड्रीत मेणकामावर होती. त्या संध्याकाळी शेडमध्ये शंभरेक गणपती अर्धवट रंगात उभे होते आणि मामा सोंडेवर ब्रश फिरवत होता.

"फोटो द्यायचा, माप सांगायचं, महिन्यात पुतळा दारात," मामा म्हणाला. "फायबरचा करतात, वरून ब्राँझचा रंग मारून देतात. तुला चार महिने कशाला हवेत?"

"फोटोत मागचं डोकं नसतं, मामा."

"मागचं डोकं भिंतीकडे असणार आहे."

"बाजारात, गर्दीत, पाठमोरे तात्या कसे ओळखायचास तू?"

मामाने ब्रश थांबवला. "चालीवरून."

"मग ती चाल कुठल्या फोटोत आहे?"

इथून बोलणं शिल्पकार भाऊ साठ्यांवर गेलं. ते जाणारच होतं, कारण भाचीच्या डोक्यात हा माणूस कॉलेजपासून आहे. सदाशिव दत्तात्रय साठे कल्याणचे. भिवंडीकरांना कल्याण म्हणजे खाडीपलीकडचं गाव. जन्म १९२६चा. जे. जे.मध्ये शिकले, आणि १९५४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी घडवलेला महात्मा गांधींचा पुतळा जुन्या दिल्लीत उभा राहिला. पुढे गेटवे ऑफ इंडियासमोरचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा त्यांनीच केला. ३० ऑगस्ट २०२१ रोजी ते गेले तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते. मुंबई पाहायला आलेला माणूस गेटवेला जातोच, आणि साठ्यांच्या महाराजांसमोरून जाऊनही साठ्यांचं नाव त्याच्या कानावर पडत नाही.

"गांधींचे फोटो ढिगाने होते," मामा म्हणाला. "फिल्मही होती. मग साठ्यांचं काम सोपंच झालं की."

"उलट अवघड झालं. १९५४ म्हणजे गांधी जाऊन सहाच वर्षं झालेली. दिल्लीत त्यांना रोज प्रार्थनेला पाहिलेली माणसं त्या पुतळ्यासमोरून ये-जा करणार. प्रत्येकाच्या डोळ्यांत स्वतःचा गांधी. कान थोडा वर गेला असता, खांदा थोडा भारदस्त झाला असता, तर टांगेवाल्यानेही सांगितलं असतं, बापू असे नव्हते. एवढे परीक्षक नंतरच्या कुठल्या गांधीपुतळ्याला मिळाले?"

हा मुद्दा भाचीचा असला तरी कोणालाही पटावा असा आहे. आज गांधी घडवणारा शिल्पकार चष्मा, काठी, पंचा एवढ्यावर भागवू शकतो, कारण पाहणाऱ्याच्या मनातही तेवढंच उरलं आहे. अठ्ठावीस वर्षांच्या मुलाने १९५४ साली दिल्लीकरांसमोर गांधी उभा करणं हे धाडस होतं. ते निभावलं म्हणूनच पुढची अनेक वर्षं त्या माणसाला पुतळ्यांची कामं मिळत राहिली.

मामाला १९५४ हे साल वेगळ्या कारणाने ठाऊक होतं.

"त्याच वर्षी दसऱ्याला शिर्डीत बाबांची मूर्ती बसली," तो म्हणाला. "तालीम मास्तरांनी केलेली. बाबा समाधिस्थ झाले १९१८ला. म्हणजे छत्तीस वर्षांनी मूर्ती आली. बाबांना पाहिलेली माणसं तेव्हाही हयात होती, आणि त्यांनी ती बाबाच म्हणून मानली. आता मला सांग, आपल्या नाशिक रोडने रामनवमीला पालख्या घेऊन चालत जातात, त्यातल्या किती जणांना बाळाजी वसंत तालीम हे नाव माहीत आहे?"

"कोणालाही नाही. तेच तर माझं दुखणं आहे."

"आणि मला त्यातच तालमांचं मोठेपण दिसतं. पायावर डोकं ठेवताना माणसाला शिल्पकार आठवला, म्हणजे मूर्तीत काहीतरी चुकलं."

मामाचं हे म्हणणं हलकं नाही. इटलीच्या संगमरवरात, तुटपुंज्या जुन्या फोटोंवरून तालमांनी एक बसलेला म्हातारा घडवला. उजवा पाय डाव्या गुडघ्यावर, हात त्या पायावर विसावलेला, मान किंचित कलती. ही बैठक आता इतकी रूढ झाली आहे की गाडीच्या काचेमागच्या बोटभर मूर्तीपासून चौकातल्या देवळापर्यंत सगळीकडे तीच दिसते. काम करताना बाबांनीच स्टुडिओत दर्शन देऊन चेहरा दाखवला, अशी कथा भक्तमंडळी सांगतात. ती कथा नीट ऐकली तर तिच्यातून एकच गोष्ट कळते: केवळ फोटोवरून एवढं साध्य होईल यावर भक्तांचाही विश्वास बसला नाही. भाचीने नेमकं हेच पकडलं.

"बघ, लोकांनाही फोटो पुरत नाही. त्यांना वाटतं कोणीतरी प्रत्यक्ष पाहिलं असलं पाहिजे. शिल्पकाराचं पाहणं मान्य करायचं नाही म्हणून चमत्कार मान्य केला."

"तू चमत्काराला मधे आणू नकोस."

"बरं, नाही आणत. पण तालीम आणि साठे यांच्यात फरक आहे. तालमांची मूर्ती गाभाऱ्यात गेली, तिला कोण हलवणार? साठ्यांचे पुतळे चौकात. चौकात आज एक उभा असतो, उद्या दुसरा."

यानंतर तिने जे सांगितलं ते मामाने पूर्वी ऐकलं नव्हतं. गेटवेसमोर महाराज येण्याआधी तिथे इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज यांचा पुतळा होता. महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६०ला. त्यानंतरच्या पहिल्याच प्रजासत्ताक दिनी, २६ जानेवारी १९६१ला, त्या जागी साठ्यांचे शिवाजी महाराज आले. दिल्लीत लाल किल्ल्याजवळ एडवर्ड पार्क होतं. तिथे सातवा एडवर्ड घोड्यावर बसलेला होता, टॉमस ब्रॉक या ब्रिटिश शिल्पकाराने घडवलेला, १९२२ सालचा. तो घोड्यासकट कॅनडात टोरांटोला गेला आणि १९६९पासून तिथल्या क्वीन्स पार्कात उभा आहे. दिल्लीतल्या त्या रिकाम्या बागेत २३ जानेवारी १९७५ला नेताजी सुभाषचंद्र आणि त्यांचे आझाद हिंद सेनेतले साथीदार आले. तेही साठ्यांनीच केलेले. एडवर्ड बाप, जॉर्ज त्याचा मुलगा. बापाच्या जागी दिल्लीत आणि मुलाच्या जागी मुंबईत, दोन्हीकडे कल्याणच्या एकाच शिल्पकाराचं काम उभं राहिलं.

मामा खूश झाला. "हे तू आधी का नाही सांगितलंस? हे तर मंडळाच्या देखाव्याला होईल."

"थांब, अजून आहे. मुंबईचा तो पंचम जॉर्ज कोणी घडवला होता माहीत आहे? आपल्याच गणपतराव म्हात्र्यांनी."

म्हात्रे हे नाव या पट्ट्यात घरोघर आहे, म्हणून मामाने पुन्हा विचारलं, "कोणी?"

गणपत काशिनाथ म्हात्रे. १८९६ साली, जे. जे.त विद्यार्थी असतानाच, त्यांनी 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प केलं. पूजेला निघालेली नऊवारीतली मराठी तरुणी, हातात पूजेचं साहित्य. प्लास्टरमधल्या त्या चुण्या पाहून भलेभले थक्क झाले आणि रवींद्रनाथांनीही तिच्याविषयी लिहिलं. पण नाव झालं की मागणी येते, आणि त्या काळात मागणी राजे-राण्यांच्या पुतळ्यांची होती. अहमदाबादची व्हिक्टोरिया राणी म्हात्र्यांची, मुंबईचा जॉर्ज म्हात्र्यांचा. राज्य गेलं, पुतळे खाली उतरले. उतरवणाऱ्यांनी राजा पाहिला. त्या राजाच्या झग्याच्या चुण्या कोणी मराठी हातांनी घडवल्या, हे पाहायला कोण थांबणार?

"मग?" भाचीचा आवाज चढला. "जॉर्ज गेला त्याचं मला काही नाही. म्हात्र्यांचं काम गेलं ना त्याच्याबरोबर! व्यक्तिशिल्प करणाऱ्याचं आयुष्य समोरच्या माणसाच्या मानमरातबावर टांगलेलं. त्याचा मान गेला की शिल्पकारही अडगळीत."

मामा शांतपणे म्हणाला, "माझा गणपती अकरा दिवसांनी जातो. मला कधी वाटलं नाही की मी गेलो. पुढच्या वर्षी पुन्हा करतो."

"तुझा गणपती पुन्हा होतो. म्हात्र्यांचा तो पुतळा पुन्हा होणार नाही."

यावर मामाकडे उत्तर नव्हतं, आणि नाही हे त्याने लपवलंही नाही. त्याने चहा सांगितला.

चहा येईपर्यंत भाचीने फाउंड्रीतलं काम सांगितलं. मामाला साचे आयुष्यभराचे ठाऊक, पण ओतकाम नाही. आधी सळ्यांचा सांगाडा, त्यावर माती. मातीवर प्लास्टरचा साचा. साच्यात आतून मेणाचा थर द्यायचा, साधारण दोन सूत जाडीचा, कारण पुढे धातूची जाडी तेवढीच येणार. मेणाच्या आत-बाहेर पुन्हा उष्णता सोसणारा साचा, मग भट्टीत मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत रस ओतायचा. पुतळ्याच्या ब्राँझमध्ये शंभरात पंच्याऐंशी भाग तांबं. कथील, जस्त, शिसं प्रत्येकी पाच. मोठा पुतळा तुकड्यातुकड्यांनी ओततात, मग वेल्डिंग, घासकाम, आणि आम्लाने रंग चढवणं.

"मेणावर तीन दिवस एकच पापणी करत होते मी," ती म्हणाली. "पापणीची कड बोथट राहिली तर धातूत डोळा मिटल्यासारखा दिसतो."

करमरकरांची गोष्ट इथे निघाली. विनायक पांडुरंग करमरकर, अलिबागजवळच्या सासवण्याचे. लहानपणी देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवरायांचं चित्र कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी पाहिलं आणि मुलाची जे. जे.त सोय लावून दिली. पुण्यात ज्या स्मारकाची कोनशिला १९२१ साली प्रिन्स ऑफ वेल्सने बसवली होती, त्याचा घोड्यावरचा पुतळा अखेर करमरकरांच्या हातून झाला. १९२८ साली माझगावला त्यांनी तो तुकडे न करता एकसंध ओतला. आजही पुण्यात शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो पाहता येतो आणि घोड्याच्या मानेवरच्या शिरा मोजता येतात.

"पण महाराजांचा तर फोटोच नाही," मामाने डाव टाकला. "तात्यांच्या मागच्या डोक्यावरून माझ्याशी भांडतेस. महाराजांचं पुढचं डोकं तरी कोणी पाहिलंय? तिथे तुमचे शिल्पकार कशाच्या आधारावर करतात?"

प्रश्न बिनतोड होता. वा. सी. बेंद्र्यांनी डच दप्तरांच्या शोधातून मिळालेलं महाराजांचं समकालीन वळणाचं चित्र १९३३ साली पुण्यात लोकांपुढे आणलं. त्याआधी तर भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. करमरकरांचा पुतळा बेंद्र्यांच्या चित्राच्या पाच वर्षं आधीचा, साठ्यांचा अठ्ठावीस वर्षं नंतरचा. साठ्यांना धारदार नाक, दाढी, कपाळ यांचा आधार होता. पण त्या जुन्या चित्रांत महाराज एका बाजूने दिसतात. घोड्यावर बसल्यावर कंबरेतून वळणारं शरीर, लगामावरचा हात, समुद्राकडून येणाऱ्याला दिसणारी मान, यातलं काहीही चित्रात नाही.

"तिथे शिल्पकाराला ठरवावंच लागतं," भाची म्हणाली. "म्हणूनच तिथे त्याचं नाव हवं. जे ठरवलं त्याची जबाबदारी त्याची."

"आणि मी म्हणतो, तिथेच नाव नको. महाराज सगळ्यांचे. मराडेपाड्याला आपल्या तालुक्यातच देऊळ झालं, २०२५च्या शिवजयंतीला. मी गेलो होतो. साडेसहा फुटांची काळ्या पाषाणातली मूर्ती. माणसं आत आली की बोलायचीच बंद होतात."

"आणि मूर्ती कोणाची?"

"अरुण योगीराज. अयोध्येचे रामलल्ला ज्यांनी केले ते."

भाची हसली. मामाला कळायला क्षणभर लागलं. मग तो म्हणाला, "नाव कळलं ते पेपरात वाचून. आत असताना आठवलं नव्हतं."

हे दोघं ज्या गोष्टीवर अडले आहेत, तिच्यावर आपल्या कलाविश्वाने कधी नीट बोलणंच केलं नाही. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला. त्यात सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि एकच शिल्पकार, सदानंद बाक्रे. बाक्रे व्यक्तिशिल्पात पक्के तयार झालेले, पण त्यांना हुबेहूबपणा सोडायचा होता. ते १९५१ला लंडनला गेले, धातूच्या वेगळ्याच आकारांकडे वळले, १९७५ला परतून कोकणात मुरुड-हर्णैला राहिले आणि २००७ साली तिथेच वारले. साठे त्याच पिढीचे, त्याच जे. जे.चे. एकाने माणसाचा चेहरा सोडला, दुसऱ्याने धरून ठेवला. गॅलऱ्यांच्या चर्चेत बाक्रे राहिले. साठ्यांकडे चौक आले, पण चर्चा आली नाही. 'पुतळे करणारा' या दोन शब्दांत त्यांना आटोपून टाकण्याची सवय लागली, आणि ही सवय वाईट आहे. चेहरा धरून ठेवणं हा आळशीपणा असतो असं मानून आपण कित्येक कष्टाळू माणसांकडे पाठ फिरवली.

इंग्लंडात फिलिप जॅक्सन म्हणून शिल्पकार आहेत, १९४४ साली जन्मलेले. वेंब्लीचा बॉबी मूर त्यांचा, ग्रीन पार्कातल्या बॉम्बर कमांडच्या स्मारकातले पुतळे त्यांचे. त्याचबरोबर व्हेनिसच्या मुखवटेधारी मेळ्यांवरून सुचलेल्या उंच, झगा पांघरलेल्या आकृती ते स्वतःसाठी करत राहिले, आणि त्यांचं नाव दोन्हींसाठी घेतलं जातं. लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमधला गांधी त्यांनीच घडवला. १४ मार्च २०१५ला त्याचं अनावरण झालं. आधार १९३१च्या लंडनभेटीतल्या फोटोचा. अंगाभोवती शाल, हात पुढे जुळवलेले. जॅक्सननी गांधींना पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं. पण थंडीत शाल आवळून उभा राहिलेला माणूस त्यांनी पाहिला होता, असं तो पुतळा बघून वाटतं. फोटोतून घ्यायचं ते घेतलं आणि उरलेलं शरीराच्या ओळखीने भरून काढलं.

आपल्याकडेही असं होतंच. सासवण्याला करमरकरांच्या घरात त्यांचं संग्रहालय आहे. तिथे पुढारी आहेतच, पण कोळीण आहे, शंख फुंकणारा आहे, अंगणात म्हैस आहे. त्यांची ऑर्डर कोणी दिली नव्हती.

"आता उंचीवर आलेत सगळे," मामा मधेच म्हणाला. त्याला मालवण आठवलं होतं. राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला. त्या रात्री दापोड्यातही माणसं फोन बघत ओट्यावर बसून राहिली होती. पुढच्या मे महिन्यात तिथे नवा पुतळा आला तो राम सुतारांच्या कार्यशाळेतून. धुळ्याकडच्या गोंदूर गावचे सुतार तेव्हा शंभरी पार केलेले. सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा त्यांच्याच नमुन्यावरून झाला. त्याचे ब्राँझचे पत्रे चीनमधून ओतून आणले होते. डिसेंबर २०२५मध्ये सुतार गेले.

"१८२ मीटरवर पापणीची कड कोण बघणार?" मामाने विचारलं.

"सुतारांनी बघितली असेल. त्यांनी आधी लहान नमुना हाताने केला. तो पक्का म्हणून मोठा करता आला. तुझ्या फायबरवाल्याकडे नमुनाच नसतो. एक तयार धड, एक तयार मान, वर फोटोवरून चेहरा चिकटवायचा. मागच्या वर्षी खारबावकडच्या लग्नाला गेलो तेव्हा तू स्वतः म्हणालास, गेटवरच्या दोन पुतळ्यांचं कपाळ एकच आहे."

मामा हे म्हणाला होता. त्याने आठवणीला मान दिली आणि गप्प राहिला. मग म्हणाला, "डोंबिवलीला साठ्यांचं शिल्पालय आहे म्हणतात."

"आहे. त्यांच्या कामाचे नमुने आहेत तिथे."

"माणकोलीचा पूल झाल्यापासून डोंबिवली काही लांब नाही. रविवारी जाऊ. उघडं असतं का ते आधी फोन करून विचार. मला तो घोडा जवळून बघायचाय. गेटवेला चौथरा आडवा येतो."

"आणि तात्या?"

"तात्या फायबरचेच. माझं मत बदललेलं नाही."

भाचीने पिशवीतून कंपास काढला, दोन्ही टोकं आत वळलेला, माप घ्यायचा. घरात सगळे म्हणतात ते तिलाही माहीत होतं: तात्यांची कवटी मामाने उचलली आहे. कान, मानेवरची वळी, मागे चपटं होत गेलेलं डोकं. तिने प्लास्टिकचं स्टूल पुढे ओढलं.

"माप घेऊन ठेवते. ऑर्डर तू कोणालाही दे."

"गणपती वाळायचेत माझे."

"दहा मिनिटं."

मामा बसला, शर्टाची कॉलर खाली केली आणि अर्धवट रंगातल्या गणपतींकडे तोंड करून भाचीला पाठमोरा झाला. तिने एका कानामागून दुसऱ्या कानामागे कंपास लावला, आकडा वहीत लिहिला, मग अंगठ्याने मानेवरची वळी चाचपली.

"फेटा येणार ना पण वरून?" त्याने विचारलं.

"हलू नकोस," ती म्हणाली.